दोन फवारे

बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजीच्या पेपरात ‘टिपा लिहा’ या प्रश्नात नॅलॉक्सोन आले होते आणि मी त्यावर साडेचार ओळी लिहिल्या होत्या. अफूवर्गीय द्रव्यांचा प्रतिरोधक, मॉर्फीनची विषबाधा झाल्यास शिरेतून द्यावे, परिणाम अल्पकाळ टिकतो, अशा त्या पाठ केलेल्या ओळी होत्या. परीक्षेत हमखास येणारी आणि आयुष्यात कधीही न लागणारी अशी जी माहिती असते, तिच्यात मी हे औषध जमा केले होते. पुढे जवळजवळ पंचवीस वर्षांनी शिकागोच्या पश्चिम भागात, एका चर्चच्या तळघरात, ओव्हरडोस झालेल्याला वाचवण्याच्या प्रशिक्षणात, प्लॅस्टिकच्या पुतळ्याशेजारी गुडघे टेकून बसले असताना ती टीप मला नव्याने लिहावी लागली.

शिकवणारे गृहस्थ साठीच्या पुढचे, कृष्णवर्णीय, उंच आणि बोलायला अतिशय सावकाश होते. आपण तीस वर्षे हेरॉइन घेतले, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकले, जसे आपल्याकडे एखादे निवृत्त शिक्षक आपली सेवा किती वर्षे झाली ते सांगतात. नंतर त्यांनी एक आवाज काढून दाखवला. झोपलेला माणूस घोरतो त्यापेक्षा तो खोल होता, मध्येच तुटणारा होता आणि शेवटी घशात पाणी अडकल्यासारखा गुरगुरणारा होता. “हा आवाज ऐकून घरच्यांना वाटते, बरे झाले, निवांत झोपला आहे. ते दार ओढून घेतात आणि सकाळी चहा घेऊन जातात,” एवढे बोलून ते थांबले. तळघरात आम्ही अकरा जण होतो. कोणीही प्रश्न विचारला नाही.

अफूवर्गीय द्रव्य माणसाला कसे मारते, हे मला अर्थातच माहीत होते. मेंदूच्या देठाशी श्वासाचे नियंत्रण करणारी केंद्रे असतात, आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागला की ती माणसाला श्वास घ्यायला लावतात. मॉर्फीन असो, हेरॉइन असो की फेंटानिल, त्याचे रेणू पेशींवरच्या ज्या ग्राहींवर, म्हणजे ठरलेल्या जागांवर, जाऊन बसतात त्या या केंद्रांतही असतात, आणि तेथे ते बसले की शरीराची हाक बधिर होते. माणूस गुदमरत असतो, पण गुदमरल्याची जाणीवच त्याला होत नाही. ओठ आणि नखे निळसर पडतात, काळ्या वर्णाच्या माणसात ती राखाडी दिसतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. नॅलॉक्सोन येथे काय करते, हे मराठी मंडळींना सांगताना मी लोकलचे उदाहरण देते. खिडकीशी एक दांडगा प्रवासी बसला आहे आणि काही केल्या उठत नाही. नॅलॉक्सोन हा त्याहून दांडगा प्रवासी आहे. तो येतो, बसलेल्याला उठवतो, स्वतः ती जागा अडवतो आणि काहीही न करता नुसता बसून राहतो. त्या न करण्यानेच श्वास पुन्हा सुरू होतो. पण हा प्रवासी लांबचा नाही. अर्ध्या ते दीड तासात त्याचे स्थानक येते, तो उतरतो, आणि उठवलेला प्रवासी अजून डब्यातच उभा असेल तर पुन्हा त्याच जागेवर बसतो. म्हणून नाकात या औषधाचा फवारा मारून भागत नाही, 911 ला फोन करावा लागतो आणि मदत येईपर्यंत शेजारी बसून राहावे लागते. अंगात अफूवर्गीय द्रव्यच नसेल तर या औषधाने काहीही बिघडत नाही, त्यामुळे शंका असली तरी द्यावे, असा नियम आहे.

हे औषध 1961 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टाइन या दोन रसायनतज्ज्ञांनी तयार केले. वेदनाशामक म्हणून अफूवर्गीय औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांना जी बद्धकोष्ठता होते तिच्यावर उपाय शोधणे, हा मूळ उद्देश होता. 1971 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि ते रुग्णालयांत आणि रुग्णवाहिकांत जाऊन बसले. फिशमन यांचा सावत्र मुलगा 2003 मध्ये हेरॉइनच्या ओव्हरडोसने गेला. औषध होते, त्याचा कर्ता घरातच होता, पण ज्या क्षणी आणि ज्या खोलीत ते हवे होते तेथे ते नव्हते. या एका गोष्टीत सगळी अडचण आली. ओव्हरडोस होणाऱ्या माणसाला स्वतःला फवारा मारता येत नाही आणि रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटे मेंदूला परवडत नाहीत. म्हणजे औषध शेजारच्याच्या खिशात असले पाहिजे आणि मुळात शेजारी कोणी तरी असले पाहिजे.

ही गोष्ट रुग्णालयांच्या आधी ज्यांच्या लक्षात आली ते लोक शिकागोचेच होते. शिकागो रिकव्हरी अलायन्स ही संस्था नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून व्हॅनमधून वस्तीवस्तीत जाऊन टोचून घेणाऱ्यांना निर्जंतुक सुया देत असे, एचआयव्हीचा प्रसार थांबवावा म्हणून. तिच्या संस्थापकांपैकी एक डॅन बिग. 1996 मध्ये या मंडळींनी नॅलॉक्सोनच्या कुप्या आणि सिरिंजा थेट व्यसनी लोकांच्या हातात द्यायला सुरुवात केली. शिकागो ज्या इलिनॉय राज्यात आहे त्याच्या कायद्याने सामान्य माणसाला हे औषध जवळ बाळगण्याची आणि वापरण्याची स्पष्ट मुभा 2010 मध्ये दिली, म्हणजे मधली चौदा वर्षे हे काम कायद्याच्या उंबरठ्यावर उभे राहूनच चालले होते. पुढे 2015 मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने अशा सर्व संस्थांची पाहणी प्रसिद्ध केली. 1996 ते 2014 या काळात दीड लाखांहून अधिक सामान्य लोकांना नॅलॉक्सोन दिले गेले होते आणि त्यांनी 26,463 ओव्हरडोस परतवल्याची नोंद झाली होती. त्यातला जो आकडा मला अजूनही थांबवतो तो वेगळाच आहे. ज्यांनी हे प्राण वाचवले त्यांच्यापैकी पाचांत चार जण स्वतः नशा करणारे होते. आई-वडील, मित्र, समाजसेवक हे सगळे मिळून उरलेल्या एकात. आपण ज्याला गर्दुल्ला म्हणून रस्ता बदलतो, तो या हिशेबात सर्वांत मोठा जीवरक्षक निघतो.

त्याच 1996 मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन ही अफूवर्गीय वेदनाशामक गोळी बाजारात आणली. हा योगायोग मला उशिरा लक्षात आला, कारण तेव्हा मी पुण्यात होते. 1999 मध्ये लग्न होऊन मी शिकागोच्या पश्चिमेकडील उपनगरात आले, परदेशी पदवीधरांची परीक्षा दिली आणि 2002 पासून औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिले. त्यानंतरची आठ-दहा वर्षे माझ्या हातून ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन अशी त्याच वर्गातली किती औषधे गेली असतील याचा हिशेब मी केलेला नाही, आणि करण्याचे धाडसही होत नाही. दाढ काढली, तीस गोळ्या. पाठ धरली, नव्वद गोळ्या. चिठ्ठी खरी आहे का, मात्रा बरोबर आहे का, आधीच्या गोळ्या संपायच्या आत ग्राहक परत आला आहे का, हे मी काटेकोर पाहत असे, आणि ते पाहिले की माझे काम संपत असे. वेदनेवर घेतल्यास या गोळ्यांची सवय क्वचितच लागते, असे तेव्हा कंपनीचे प्रतिनिधी सांगत आणि डॉक्टर मानत. व्यसनाचा धोका कमी असल्याचे भासवून औषध विकल्याबद्दल कंपनीने 2007 मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. माझ्यासारख्यांना कोणी न्यायालयात बोलावले नाही आणि बोलावण्याचे कारणही नव्हते. पण माझ्या ओळखीचे चेहरे एकेक करून काउंटरवरून दिसेनासे होत होते. डॉक्टरांनी चिठ्ठ्या आखडत्या घेतल्या, गोळ्या महागल्या, आणि त्यांतले काही जण आयझेनहॉवर महामार्गाने वीस मिनिटांवरच्या वस्तीत हेरॉइन घ्यायला जाऊ लागले. त्या रस्त्याला येथे ‘हेरॉइन हायवे’ असेच म्हणतात. मी रोज त्याच रस्त्याने घरी येत होते.

मग फेंटानिल आले. हेरॉइनपेक्षा सुमारे 50 पट तीव्र असलेले हे द्रव्य प्रयोगशाळेत बनते, त्याला खसखशीचे शेत लागत नाही, आणि काळ्या बाजारात ते कशातही मिसळलेले असते. आपण काय आणि किती घेत आहोत, हे घेणाऱ्याला सांगता येईनासे झाले. शिकागो ज्या परगण्यात आहे त्या कुक कौंटीत 2022 या एका वर्षात सुमारे दोन हजार माणसे अफूवर्गीय द्रव्यांनी गेली. बातम्यांतून चेहरे दिसतात ते उपनगरातल्या कोवळ्या गोऱ्या मुलांचे, परंतु मृतांमध्ये निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते, आणि त्यांत पन्नाशी-साठीचे, वर्षानुवर्षे हेरॉइन घेऊनही कसेबसे तगून राहिलेले पुरुष फार होते. तळघरातले आमचे शिक्षक त्याच पिढीतले. “माझ्या वयाचे कोणी उरलेच नाही, म्हणून मला शिकवायला बोलावतात,” असे ते हसत म्हणाले, तेव्हा हसावे की नाही ते आम्हाला कळले नाही.

त्यांनी शिकवले ते असे. आधी हाक मारा, नावाने मारा. हलवा. मुठीच्या सांध्यांनी छातीच्या मधल्या हाडावर जोरात घासा, तेवढ्याने जागा झाला तर फवारा वाया घालवू नका. नाही झाला, तर 911. मग डोके मागे कलते करा, नळी एका नाकपुडीत पूर्ण आत जाऊ द्या आणि खालचा दट्ट्या दाबा. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या, दर पाच सेकंदांनी एक. दोन-तीन मिनिटे वाट पाहा. ही दोन-तीन मिनिटे आयुष्यातली सर्वांत लांब असतात, घड्याळ पाहा, नाहीतर घाबरून दुसरा फवारा लगेच माराल. तरीही नाही, तर दुसरा. पेटीत दोनच असतात. श्वास आला की कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे घ्या, म्हणजे उलटी झाली तर घशात जाणार नाही. आणि शेवटी, जागा झाल्यावर त्याला रागावू नका. हे शेवटचे त्यांनी दोनदा सांगितले. नॅलॉक्सोनने जागा झालेला माणूस आभार मानत नाही. नशा एका क्षणात खेचून काढल्यामुळे त्याला घाम सुटतो, उलट्या होतात, हाडे दुखतात, तो कधी शिव्या देतो आणि पुन्हा घ्यायला निघतो. अशा वेळी त्याला गप्पांत गुंतवून तासभर बसवून ठेवणे ही खरी विद्या, आणि ती कोणत्याही पेटीवर छापलेली नसते.

हे औषध सहज मिळू लागले की लोक बेफिकीर होऊन जास्त नशा करतील, असा आक्षेप मी सुशिक्षित लोकांकडून, औषधशास्त्र शिकलेल्यांकडूनही, पुष्कळ वेळा ऐकला आहे. वर वर्णन केलेली जाग ज्याने एकदा अनुभवली तो ती हौसेने पुन्हा मागेल, असे मानायला मी तयार नाही. आमच्या गावी विहिरीला कठडा बांधला तेव्हा त्यामुळे पोरे जास्त उड्या मारतील, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. मात्र या आक्षेपाच्या मुळाशी काय आहे ते मला समजते, कारण ते माझ्यातही होते. व्यसनमुक्तीची आपली कल्पना शपथेची आहे. गळ्यात तुळशीची माळ घातली की दारू सुटली, आणि पुन्हा प्यायला तर माळ उतरवली. मध्ये काही नाही. डॅन बिग यांच्या संस्थेचे ब्रीद ‘कोणताही चांगला बदल’ असे आहे. सुई स्वच्छ वापरली, हा बदल. एकट्याने न घेता कोणाच्या सोबतीने घेतली, हाही बदल. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हे पळवाट वाटले होते.

शपथ मोडते तेव्हा काय होते, हे समजल्यावर माझे मत बदलले. सवय असताना शरीर जी मात्रा पचवते, ती महिनाभर थांबल्यावर त्याच शरीराला मारते. वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्या कैद्यांचा एक अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याची त्यांची जोखीम इतर लोकांच्या 129 पट होती. नशामुक्ती केंद्रातून घरी आलेल्या मुलाचेही तसेच. पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले तेव्हा गर्दने, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनने, महाराष्ट्रातली तरुण मुले ओढून नेली होती. आमच्या गल्लीतला एक मुलगा अशाच कोणत्या तरी केंद्रातून बरा होऊन आला होता आणि पेढे वाटल्यानंतर पंधरा दिवसांनी गेला. त्याच्या आईने हाय खाल्ली आणि गल्लीने निष्कर्ष काढला की तो सुधारणारा नव्हताच. मला आज वाटते की तो सुधारला होता, म्हणूनच गेला. त्याच्या शरीराला गर्दची ओळख उरली नव्हती, आणि ही साधी गोष्ट त्याला, त्याच्या आईला किंवा गल्लीत कोणालाही ठाऊक नव्हती.

एकटेपणावर येथे नाना उपाय चालले आहेत. 2019 पासून एक दूरध्वनी सेवा आहे. नशा करण्यापूर्वी माणूस फोन लावतो, पत्ता सांगतो, पलीकडची व्यक्ती बोलत राहते आणि उत्तर येईनासे झाले की त्या पत्त्यावर रुग्णवाहिका धाडते. उपदेश नाही, पोलीस नाहीत. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये 2003 पासून, आणि न्यूयॉर्कमध्ये 2021 पासून, देखरेखीखाली नशा करता येईल अशा जागा आहेत. त्यांवर वाद मोठा आहे आणि तो येथे काढत नाही. शिकागोच्या सार्वजनिक वाचनालयांत 2022 पासून नार्कनच्या, म्हणजे नॅलॉक्सोनच्या फवाऱ्याच्या, पेट्या ठेवल्या आहेत, नाव-गाव न विचारता कोणीही उचलावी. वाचनालयच का, याचे उत्तर सोपे आहे. थंडीत ज्याला कोठे बसायला जागा नाही तो वाचनालयात येतो आणि तेथले स्वच्छतागृह बंद दाराचे असते. डॅन बिग यांचे 2018 मध्ये निधन झाले, आणि ते हेरॉइन, फेंटानिल व इतर द्रव्यांच्या एकत्रित परिणामाने झाल्याचे तपासणीत निष्पन्न झाले. ज्यांनी इतक्यांच्या खिशात औषध ठेवले त्यांच्याही बाबतीत ते पोचले नाही. ही बातमी वाचून काही लोकांनी काम फसल्याची द्वाही फिरवली. मला त्यातून उलटेच दिसले, की माहिती, अनुभव, तीस वर्षांची तपश्चर्या यांतले काहीही शेजारी बसलेल्या माणसाची जागा घेत नाही.

आणि आता माझी गोष्ट, जी सांगायला मला हा लेख लिहावा लागला. प्रशिक्षणानंतर मिळालेली पेटी मी पर्समध्ये ठेवली होती. त्याच संध्याकाळी एका परिचितांकडे सत्यनारायण होता. गाडीतून उतरताना मी ती पेटी काढली आणि सीटखाली सरकवली. पर्समधून रुमाल काढताना कोणाला दिसली तर काय म्हणतील, एवढाच विचार होता. फार्मासिस्ट असून, बारा वर्षे त्या गोळ्या मोजून, तळघरात गुडघे टेकून आल्यानंतर अवघ्या चार तासांनी. प्रसाद घेऊन मी हात धुवायला वरच्या मजल्यावर गेले. आरशामागच्या कपाटाचे दार अर्धवट उघडे होते आणि आत एक नारिंगी बाटली होती. लेबल वाचणे ही आमची व्यावसायिक खोड आहे. फुटबॉल खेळताना गुडघा मोडलेल्या मुलाची, हायड्रोकोडोनची, तीस गोळ्यांची. मोजल्या नाहीत. खाली आरती चालू होती.

इलिनॉयमध्ये 2015 च्या कायद्यानंतर आम्हाला डॉक्टरांच्या वेगळ्या चिठ्ठीशिवाय नॅलॉक्सोन देता येऊ लागले, आणि 2023 पासून तर फवारा मोकळ्या फळीवर मिळतो, सुरुवातीला दोनांच्या पेटीला सुमारे 45 डॉलर पडत. तरी लोक फळीवरून उचलत नाहीत, काउंटरशी येऊन हळू आवाजात मागतात. असेच एकदा, दुकान बंद होण्याच्या वेळी, एक गृहस्थ माझ्या बिल्ल्यावरचे आडनाव वाचून मराठीत बोलले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

“ताई, ते नाकात मारायचं असतं ना, ते हवं होतं. शेजाऱ्यांच्या मुलासाठी.”

मी पेटी काढली, वापर समजावून सांगितला, लोकलचे उदाहरण दिले. ते दादरचे होते, त्यांना लगेच कळले. पैसे देताना त्यांनी विचारले, “दार आतून लावलेलं असलं तर?”

“कडी काढून टाकायला सांगा शेजाऱ्यांना,” मी म्हटले.

नंतर ते बराच काळ दिसले नाहीत. मधल्या काळात देशातला एकूण ओव्हरडोस मृत्यूंचा आकडा, जो 2023 मध्ये एक लाख पाच हजारांच्या आसपास होता, तो 2024 मध्ये 80 हजारांच्या आसपास उतरला. नॅलॉक्सोन गावोगाव पोचले हे एक कारण, उपचार सुलभ झाले हे दुसरे, बाजारातला माल बदलला हे तिसरे, आणि जे जाण्याच्या वाटेवर होते ते आधीच गेले हे चौथे, असे तज्ज्ञ सांगतात. कोणाचा वाटा किती यावर त्यांचे एकमत नाही. मागच्या हिवाळ्यात ते गृहस्थ पुन्हा आले. खिशातून जुनी पेटी काढून काउंटरवर ठेवली. वेष्टन कोपऱ्यांवर झिजलेले होते, पण फोडलेले नव्हते.

“मुदत संपली हिची,” ते म्हणाले. “नवी द्या.”

“वापरावी लागली नाही?”

“नाही. त्याच्या खोलीच्या बाहेर, बुटांच्या कपाटावर असते.”

मी नवी पेटी स्कॅन केली. या वेळी शेजाऱ्यांचा उल्लेख त्यांनी केला नाही आणि मीही काढला नाही.